शिळी फाइल आणि ‘सगळे पुसा’ पंथ (थ्रेड)

दोंडाईचा येथील शेतकऱ्याने पाच वर्षांपूर्वीचा सातबारा पीककर्जासाठी नेला, तर बँक तो स्वीकारणार नाही. मधल्या काळात वाटणी झाली असेल, बोजा चढला असेल. त्याची नोंद गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असते. जुना उतारा खोटा नसतो, शिळा असतो. पण म्हणून तलाठी साऱ्या गावाची नव्याने मोजणी करीत नाही. त्या एका गटाचा ताजा उतारा देतो.

सॉफ्टवेअरच्या जगात मात्र साऱ्या गावाची मोजणी हाच धर्म ठरला आहे. सोर्स कोडमध्ये दुरुस्ती केली तरी चूक तशीच दिसते, कारण चालत असतो तो आधी कंपाइल झालेला जुना उतारा. मग जाणते सांगतात : तयार झालेल्या सगळ्या फाइली पुसा, पुन्हा बिल्ड करा. चूक नाहीशी होते. तिचे कारणही तिच्यासोबत पुसले जाते.

हा उपदेश करणाऱ्यांना स्वतःच्याच व्यवसायाचा इतिहास ठाऊक नसावा. बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अचूक प्रोग्राममधील चूक शोधण्यात वाया गेली. दुरुस्ती झाली होती. ती फाइल कंपाइल करायची तेवढी राहिली होती. (जॉन्सन म्हणजे ‘याक’चे कर्ते, नवशिके नव्हेत.) ते तणतणत स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत शिरले आणि त्यातून १९७६ साली ‘मेक’ जन्मले. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते लिहून ठेवायचे. मूळ फाइलची वेळ नंतरची असेल, तर तेवढीच पुन्हा कंपाइल करायची. ही फेरफार नोंदवहीच!

तरीही फाइल शिळी राहते, ती बहुधा नोंद अपुरी असल्यामुळे : हेडर फाइल बदलते आणि अवलंबनाच्या यादीत तिचे नावच नसते. पायथनमध्ये तर मूळ फाइल पुसली, तरी शेजारची पीवायसी फाइल निमूट चालत राही. ३.२ आवृत्तीने (२०११) या फाइली वेगळ्या फोल्डरात नेल्या आणि मूळ नसेल तर तेथील फाइल वाचणे बंद केले. ३.७ ने (२०१८) वेळेऐवजी मजकुराच्या हॅशवरून पडताळणीची सोय दिली. हे सारे पुसण्याने नव्हे, कारण शोधल्याने घडले.

शिळेपणाची किंमत एका सकाळीपुरतीच असती, तर हसून सोडता आले असते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीच्या आठपैकी सात सर्व्हरांवर नवा कोड चढला होता; आठव्यावर जुनाच राहिला. सुमारे पाऊण तासात ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली.

कंपायलरच बदलला असेल, तर खुशाल सगळे पुसावे. एरवी आधी दोन्ही फाइलींच्या वेळा पाहाव्यात आणि राहिलेली अवलंबनाची ओळ लिहावी.