रात्री दहाची ‘तातडीची’ माहिती

शिक्षकाने घड्याळ पाहू नये, असे मोठ्या कौतुकाने सांगितले जाते. सरकार त्याला व्रत म्हणते, आपला मोहल्ला खिदमत म्हणतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते, दोन्ही शब्दांचा मान राखते. पण त्यांच्या आडून जे चालले आहे ते मान्य नाही.

आमच्या कोरपना तालुक्यात सिमेंटचे कारखाने आहेत. तिथल्या कामगाराला जादा थांबवले तर कायद्याने दुप्पट दराने मजुरी मागता येते. शिक्षकाची पाळी मात्र मोबाइलमध्ये असते. रात्री दहाला ग्रुपवर लिंक येते, ‘तात्काळ भरा’. सकाळी मुले वर्गात बसलेली आणि बाई पोर्टल उघडते का ते पाहत बसलेल्या.

शिक्षण हक्क कायदा 2009 चे कलम 27 स्पष्ट आहे: जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढीच बिगरशैक्षणिक कामे. त्याआधी 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकीची कामे सुट्टीच्या दिवशी द्या, असे सांगितले. वर्गाचा तास वाचला, शिक्षकाचा रविवार गेला. हा रविवार कुणाची खैरात नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून तो 1890 मध्ये मिळवला.

‘मुलांसाठी एवढे करायला काय हरकत?’ असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे. पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत कायद्याने शिक्षक दोनच. त्यातला एक माहिती भरत बसला, तर पाच वर्ग कोण सांभाळणार?

यावर उपाय म्हणून आम्हाला ताणमुक्तीचे व्याख्यान ऐकवतात. दीर्घ श्वास घ्या म्हणे! श्वास घेऊ, पण लिंक कोण थांबवणार?

एकट्याने ‘नाही’ म्हटले की नोटीस हातात पडते. म्हणून हे संघटनांनी म्हणावे, आणि पालकांनीही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात. त्यांनी ठराव करावा: वर्गाच्या तासाला पोर्टल नाही, लेखी आदेशाशिवाय माहिती नाही, शाळा सुटल्यावर फोन नाही.

मोहल्ल्यालाही विनंती. स्कॉलरशिपचा फॉर्म जरूर आणा, शाळा सुटताच अर्धा तास मी बसेन. ईशाच्या नमाजनंतर दार वाजवू नका. तुमची मुले आमच्याकडे अमानत आहेत, आणि थकलेल्या हातांना अमानत सांभाळता येत नाही.