पाय कुठे टेकवायचा?

वडील टपाल खात्यात असल्यामुळे आमच्या घरी प्रवासाचे योग पत्रिकेवरून नव्हे, तर एल. टी. सी.च्या चक्रावरून ठरतात. यंदाच्या जानेवारीत तो योग आला आणि आई, बाबा, आत्या व मी असे चौघे अंदमानला जाऊन आलो. परत आल्यावर वर्गातल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला, "सावरकरांची कोठडी पाहिलीस का?" पाहिली. १९११ ते १९२१ ही दहा वर्षे ज्या तुरुंगात गेली, त्याच्या व्हरांड्यात उभे राहिल्यावर बोलणे आपोआप बंद होते. पण त्या विषयावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि माझ्यापेक्षा चांगल्या लेखण्यांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते चौथ्या दिवसाविषयी. सहलीच्या छापील कार्यक्रमात त्या दिवसासमोर "जॉली बॉय बेट, स्नॉर्केलिंग, मौज" एवढेच शब्द होते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. समुद्रात गाइड सांगेल ते प्रवाशाने ऐकले पाहिजे, आणि जो ऐकणार नाही त्याला पाण्याबाहेर काढण्याचा अधिकार गाइडला असला पाहिजे. मग त्याने पैसे किती का भरलेले असेनात. हे मत मी पुस्तकातून घेतलेले नाही. स्वतः न ऐकून घेतले आहे.

पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले आहे) सकाळी लवकर निघून वांडूरला जायचे. साधारण तीस किलोमीटरचा रस्ता. वाटेत सिप्पीघाटजवळ एक विस्तीर्ण पाणथळ लागते. मला ते तळे वाटले. ड्रायव्हर म्हणाला, इथे शेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन खचली आणि समुद्र शेतात आला तो परत गेलाच नाही. उत्तरेकडे नेमके उलट झाले. तिथे जमीन वर उचलली गेली आणि समुद्राखालची पोवळी उन्हात उघडी पडून मेली. भूगोल हा माझा विषय. प्रवाळभित्तीचे तीन प्रकार, डार्विनचा १८४२ मधला सिद्धांत, हे सारे मी परीक्षेत आकृतीसह लिहिले आहे, अर्थात गाइडमधून पाठ करून. त्या दिवशी दुसऱ्या प्रकारचा गाइड भेटायचा होता.

वांडूरच्या धक्क्यावर महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची पाटी आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेले, सुमारे २८१ चौरस किलोमीटरचे आणि पंधरा बेटांचे हे उद्यान. तिथे आमच्या पिशव्या तपासल्या गेल्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे सारे काढून ठेवावे लागले. आत्याने उपासाचा चिवडा प्लॅस्टिकच्या पुडीत बांधून आणला होता. तो तिने वर्तमानपत्रात ओतून घेतला व खात्याच्या नावाने बोटे मोडली. मला मात्र ती तपासणी आवडली. आपल्याकडे गडावर जाताना अशी तपासणी असती तर, असे वाटून गेले. असो.

तासाभराच्या प्रवासानंतर बेट दिसले. ('बॉय' म्हणजे पोऱ्या नव्हे, कोळ्यांच्या जाळ्याला बांधतात तो बोया.) बेटावर वस्ती नाही, दुकान नाही, मुक्काम नाही. मोठी लाँच किनाऱ्याला लागत नाही. काचेच्या बुडाच्या छोट्या होड्या येऊन माणसांना उतरवतात. हे बेट वर्षाचे जवळजवळ सहा महिनेच उघडे असते. उरलेल्या काळात ते बंद ठेवून रेड स्किन या दुसऱ्या बेटावर नेतात. शेत पड ठेवावे तसे.

आमचा गाइड माझ्याच वयाचा होता. त्याचे आजोबा पूर्व बंगालमधून निर्वासित म्हणून येऊन इथे वसले होते. बोलायचा मात्र तो हिंदी. तिथे सगळेच हिंदी बोलतात. त्याने आम्हाला चष्मा व नळी दिली आणि पाच मिनिटांत धडा उरकला. नाक चष्म्यात बंद, श्वास तोंडाने, नळीत पाणी शिरले तर जोरात फुंकायचे. आईला हे एका क्षणात समजले. "म्हणजे फुंकणी!" ती म्हणाली. माहेरी चूल फुंकण्यात तिचे बालपण गेले आहे. मग त्याने शेवटची सूचना दिली, "कुछ भी हो जाए, पाँव नीचे नहीं रखना. घबराहट हो तो रिंग पकड़ो, मुझे बोलो. नीचे जो है वो पत्थर नहीं, जिंदा है."

मी हे ऐकले, पण माझ्यासाठी नव्हे अशा रीतीने ऐकले. कारण मला पोहता येते. पाठीला डबा बांधून गावच्या विहिरीत मी सातव्या वर्षी शिकलो आहे. आईला अजिबात येत नाही. पन्नाशीची बाई, आयुष्यात गुडघाभर पाण्याच्या पलीकडे गेलेली नाही. सूचना तिच्यासाठी, असे मी मनात ठरवून टाकले. आत्याने काचेच्या होडीतून पाहणे पसंत केले, बाबा पिशव्या राखत झाडाखाली बसले. आई, मी, सहलीतले एक सेवानिवृत्त गृहस्थ व त्यांची सून असे चौघे जण रबरी कडे धरून पाण्यात तरंगलो आणि गाइड ते कडे ओढू लागला.

खाली काय होते ते कसे सांगू? पाण्यात तोंड घातल्याबरोबर वरचा समुद्र, ऊन, माणसांची ओरड सारे बंद होते आणि आपल्याच श्वासाचा घरघर आवाज ऐकू येतो. हरणाच्या शिंगांसारखी पोवळी, मेंदूसारख्या वळ्या असलेले गोल दगड, पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. समुद्रफुलाच्या हलत्या बोटांत लपणारा विदूषक मासा. त्या फुलाचा दंश इतर माशांना बाधतो, याला बाधत नाही. एक पोपटमासा चोचीने पोवळे खरवडत होता, त्याचा कटकट आवाज स्पष्ट ऐकू आला. तो जे गिळतो त्यातला दगडी भाग भुकटी होऊन बाहेर पडतो, आणि आपण ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर फोटो काढतो त्यातली कितीतरी वाळू अशी तयार झालेली असते. पोवळे म्हणजे असंख्य चिमुकल्या प्राण्यांनी मिळून बांधलेली चाळ. प्रत्येकाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते. ते उन्हावर अन्न शिजवते आणि घरमालकाला देते. समुद्राच्या तळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत ही वस्ती आहे, आणि सागरी जीवांच्या सुमारे पाव जाती तिच्या आश्रयाला आहेत. ही वस्ती वाढते मात्र फार सावकाश. गोल दगडासारख्या जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर. फांद्यांच्या जाती त्याहून भरभर.

मी फांदीच्या जातीवर उभा राहिलो.

झाले ते असे. कडे सावकाश चालले होते आणि मला पुढे एक मोठा मासा दिसला. मी कडे सोडले. वीसेक हात गेलो असेन. एक लाट नळीवरून गेली, तोंडात खारट पाणी आले. फुंकायचे सोडून मी नाकाने श्वास घ्यायला गेलो, चष्म्यात पाणी शिरले आणि विहिरीत कधी न वाटलेली भीती वाटली. पाणी छातीइतकेच होते. पाय आपोआप खाली गेले. पायाखाली काहीतरी कडकडून मोडले. वाळलेली काटकी मोडावी तसे. गाइडने आमचे कडे शेजारच्या गाइडच्या हाती दिले आणि तो माझ्याकडे आला, मला आडवे केले, चष्म्यातले पाणी काढले व परत नेले. बोलला काहीच नाही. मोडलेल्या तुकड्याकडे मात्र त्याने एकदा पाहिले. मीही पाहिले. माझ्या वितीएवढा होता.

या सगळ्यात आई शांतपणे कडे धरून खाली पाहत होती. तिने एकदाही पाय टेकवला नाही.

एवढ्यावर भागले असते तर मी हा लेख लिहिला नसता. परत येताना उथळ पाण्यात त्या गृहस्थांना तारामासा दिसला. तो वर काढून हातावर ठेव, फोटो घ्यायचा आहे, असे त्यांनी गाइडला सांगितले. गाइड नाही म्हणाला. त्यांनी पुन्हा सांगितले, मग आवाज चढवला, "पैसे भरलेत आम्ही!" तो हात जोडून म्हणाला, राष्ट्रीय उद्यान आहे, चालत नाही. हे खरेच आहे. तिथले काहीही उचलणे हा गुन्हा आहे, आणि पोवळ्यांना तर २००१ पासून वाघाच्या पंक्तीला बसवून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलेले आहे. गृहस्थांनी किनाऱ्यावर जाऊन ठेकेदाराकडे तक्रार केली. तक्रारीत तारामाशाचा उल्लेख नव्हता. तक्रार अशी की हा पोरगा आम्हाला मधेच दुसऱ्याच्या गळ्यात घालून दहा मिनिटे निघून गेला. ठेकेदाराने त्याला सर्वांदेखत झापले आणि या फेरीचे पैसे कापीन म्हणून सांगितले.

तो का निघून गेला होता हे मला ठाऊक होते. गाइडही माझ्याकडे बोट दाखवू शकला असता. त्याने दाखवले नाही. मी पाच पावलांवर टॉवेलने डोके पुसत उभा होतो आणि मी बोललो नाही. लाज वाटली म्हणून नव्हे; पाय टेकवल्याबद्दल आपल्याला दंड होईल की काय, या भीतीने.

आता कोणी म्हणेल, एका फांदीचे काय एवढे? समुद्रच तापतो आहे. तेही खरे आहे. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसेच राहिले की पोवळी आपल्यातले शैवाल टाकून देतात आणि हाडासारखी पांढरी पडतात. १९९८ आणि २०१० मध्ये अंदमानात असे मोठ्या प्रमाणावर झाले, २०१६ मध्येही झाले, आणि २०२४ मध्ये तर जगभरच्या समुद्रांतून तशा बातम्या आल्या. पण समुद्र थंड करणे माझ्या हातात नाही, पाय वर ठेवणे आहे. तापातून उठलेल्या माणसाच्या अंगावर आपण उभे राहत नाही. त्याला तापाने मरायचे तर तो मरेलच, असा हिशेब करत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, मग माणसांना नेऊच नका, बंद करा सगळे. आमच्या एका सरांचे मत असे आहे. मला ते पटत नाही, आणि त्याचे कारण माझी आई आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "खाली एवढे सगळे चालले होते, आणि आपण वरून होडीत डबे उघडून खात होतो." त्यानंतर आत्याशी तिचा वाद झाला तो आत्याच्या बोटातल्या पोवळ्यावरून. मंगळासाठी घातलेले ते तांबडे पोवळे भूमध्य समुद्राकडचे, जात निराळी. पण आईला आता ते खडा वाटत नाही, कुणाची तरी हाडे वाटतात. हे काम कोणत्याही भाषणाने झाले नसते. तेव्हा बेट बंद करू नये. सहा महिने उघडे, सहा महिने बंद ही तिथली रीत मला योग्य वाटते. माझा आक्षेप आहे तो पाच मिनिटांच्या धड्याला. धड्याला वेळ नसतो, कारण लाँच दुपारी परत निघायची असते. जानेवारीत तिथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. मग फेऱ्या कमी करा, माणसे कमी न्या, पण अर्धा तास नुसत्या वाळूच्या तळावर उभे करून फुंकायला शिकवा. ज्याला जमणार नाही त्याने काचेच्या होडीतून पाहावे. यात पोहता येणाऱ्यांनाही सूट नको. किंबहुना त्यांना तर आधी बसवा.

आणि गाइडची मजुरी प्रवाशाच्या लहरीवर ठेवू नका. एस. टी.चा कंडक्टर टपावर बसू देत नाही म्हणून त्याचे पैसे कापा, असे आपण म्हणत नाही. तिकीट काढूनही आपण त्याचे ऐकतो, कारण त्याच्या हातातल्या दोरीला खात्याचा आधार आहे. या पोरांच्या हातात रबरी कडे असते, आधार कोणाचाच नसतो. तिकिटावर दोन ओळी छापल्या तरी पुरे: गाइडने नाही म्हटले म्हणजे नाही, आणि त्यासाठी पैसे परत मिळणार नाहीत.

हे दूरच्या बेटाचे गाऱ्हाणे म्हणून सोडून द्यायचे तर तसेही नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ हाच खेळ चालतो. तो समुद्रही १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि तिथेही पोवळी आहेत. आमच्या वर्गातल्या मालवणच्या एका मुलाचा चुलतभाऊ सुटीच्या गर्दीत दिवसभर लोकांना पाण्यात उतरवतो. "पर्यटक खडकावर उभे राहून फोटो काढतात, आम्ही सांगून थकतो," असे तो म्हणतो.

पुढल्या फेब्रुवारीत आपल्या भूगोल विभागाची सहल मालवणला जायची आहे. पाण्यात उतरण्याआधी अर्धा तास शिकवणी घ्यावी आणि तिथल्या गाइडचा शब्द अखेरचा मानावा, असा अर्ज मी सहल समितीकडे दिला आहे. समितीने तो ठेवून घेतला आहे. घरी आई रोज विचारते, पालकांना येता येते का म्हणून. तेही अर्जात खाली लिहिले आहे.