गोंधळाचे ध्वनिमुद्रण आणि डिजिटलवरचा आळ

१/ "डिजिटलमध्ये जीव नाही, खरा आवाज कॅसेटचाच." हे वाक्य आमच्या पिंपळगाव रेणुकाईत (ता. भोकरदन) जितक्या ठामपणे ऐकू येते, तितक्याच ठामपणे शहरी संगीतरसिकांतही. माझ्या मते हा आळ चुकीच्या आरोपीवर आहे.

२/ प्रश्न डायनॅमिक रेंजचा. माध्यमाला पेलणारा सर्वांत मोठा आवाज आणि त्याच्या स्वतःच्या खरखरीत बुडण्याआधीचा सर्वांत हळू आवाज, यांतील हे अंतर. लाखेच्या तबकडीत ते ढोबळमानाने ३० ते ४० डेसिबल, साध्या कॅसेटमध्ये पन्नाशीच्या आसपास. १९८२ साली आलेल्या सीडीत १६ बिट. दर बिटाला सुमारे ६, म्हणजे ९६.

३/ १९२५ च्या सुमारास विद्युत-मुद्रण येण्यापूर्वी कलावंत थेट कर्ण्यात गात. आवाज चढला की मागे सरायचे, उतरला की पुढे यायचे. ख्याल तीन मिनिटांत बसवण्याविषयी आपण पुष्कळ लिहितो. या दुसऱ्या काटछाटीविषयी फारसे नाही.

४/ मग नवी गाणी सपाट का? कारण १९९० नंतर 'आपले गाणे शेजारच्यापेक्षा मोठे वाजावे' या चढाओढीत हळू जागा वर ओढल्या गेल्या, शिखरे दाबली गेली. वाडा बांधून एकाच खोलीत राहिलो, त्यात वाड्याचा काय दोष? फितीच्या बाजूने एक मात्र मान्य: पातळी ओलांडली तर ती हळूहळू विस्कटते, डिजिटलमध्ये शिखर सरळ छाटले जाते.

५/ आता गोंधळ घ्या. एकीकडे संबळाचा कडकडाट, दुसरीकडे तुणतुण्याची बारीक तार. मोबाइल आपणहून पातळी सावरतो: संबळ घुमला की खाली, थांबला की वर. पन्नास वर्षांनी ते ऐकणाऱ्या अभ्यासकाला दोन्ही वाद्ये सारख्याच जोराची वाटतील. साधन खोटे बोलले, हे त्याला कळणारही नाही.

६/ हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमल्या. दळताना गायलेल्या ओवीच्या मुद्रणातून कोणी 'नॉइज रिमूव्ह'चे बटण दाबून जात्याची घरघर पुसली, तर उरेल काय? ओवीची लय त्या घरघरीवरच तर चालते.

७/ म्हणून घरातल्या गोंधळ-कीर्तनाच्या कॅसेट उतरवताना २४ बिट ठेवा, शिखराला वर मोकळी जागा सोडा, फाइल वेव्ह स्वरूपात जपा. साफसूफ करायचीच तर वेगळ्या प्रतीवर. एमपी३ व्हॉट्सअ‍ॅपपुरती ठीक. आणि मूळ फीत भंगारात देऊ नका. तिच्यावरचा चुंबकीय थर शाबूत असेतोवर ती उद्या अधिक चांगल्या यंत्रावर पुन्हा उतरवता येईल.