जलक्रीडा अपघातातील जखमींना दाव्यासाठी लागणारी कागदपत्रे देण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, मुंबई

विषय : पर्यटन नौका व जलक्रीडा अपघातांतील जखमींना परवाना, विमा व चौकशीची कागदपत्रे विनाविलंब मिळावीत.

महोदय,

24 मे 2022 रोजी तारकर्लीत स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. 18 डिसेंबर 2024 रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि 15 जण गेले. क्षमता 84 प्रवाशांची असताना त्या नौकेत शंभराहून अधिक माणसे होती. एवढी मोठी दुर्घटना झाली की चौकशी लागते, मदत जाहीर होते. आमचे म्हणणे बातमीत न येणाऱ्या अपघातांविषयी आहे. बनाना राईड उलटून मणक्याला मार बसतो, बंपरवरून फेकला गेलेला मुलगा दुसऱ्या बोटीवर आदळतो, इंजिनाच्या पंख्याने पोटरी चिरते. जखमी माणूस दुसऱ्या दिवशी पुण्याला किंवा कोल्हापूरला परत जातो आणि पुढचा सगळा खर्च घरचे सोसतात.

कायद्याने अशा माणसाला वाऱ्यावर सोडलेले नाही. बेदरकारपणे नौका चालवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 282 खाली गुन्हा आहे, असुरक्षित किंवा जादा भरलेल्या नौकेतून भाड्याने माणसे नेणे कलम 284 खाली. गावी परतल्यावरही जवळच्या ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देता येतो. पैसे मोजून राईड घेतलेला पर्यटक ग्राहक ठरतो; ग्राहक संरक्षण अधिनियम 2019 नुसार तो स्वतःच्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. समुद्रातील नौकेमुळे झालेल्या इजेसाठी 2017 च्या नौकाधिकरण (अ‍ॅडमिरल्टी) कायद्याखाली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावून नौका अडकवण्याचा आदेशही मागता येतो.

पण दावा लावायचा कोणावर? बोटीचा नोंदणी क्रमांक जखमीला माहीत नसतो. पैसे घेतलेला किनाऱ्यावरचा एजंट एक, बोटमालक दुसरा, परवाना तिसऱ्याच्या नावावर. विमा होता का, चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र होते का, त्या दिवशी किती माणसे बसवली होती, याची उत्तरे चालकाच्या कपाटात किंवा आपल्या बंदर कार्यालयात असतात. रस्त्यावरच्या अपघातात पोलिसांचा अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो, विमा कंपनी आपोआप समोर येते. पाण्यावरच्या अपघातासाठी असे न्यायाधिकरणच नाही. म्हणून इथे सगळी मदार कागदांवर आहे, आणि नेमके तेच जखमीच्या हाती लागत नाहीत. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, असे सांगितले जाते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने, शेकडो किलोमीटरवरून, ज्या कार्यालयाचे नावही त्याला ठाऊक नाही तिथे अर्ज करायचा, ही अपेक्षा आम्हाला अन्यायाची वाटते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी, की जखमीला रुग्णालयात न्यावे लागलेल्या प्रत्येक अपघाताचा अहवाल बंदर निरीक्षकाने सात दिवसांत तयार करावा. त्याला परवाना, विमा पॉलिसी, चालकाचे प्रमाणपत्र आणि त्या फेरीची प्रवासी यादी जोडावी व संपूर्ण प्रत जखमीला किंवा त्याच्या वारसाला विनामूल्य पाठवावी. चौकशी संपेपर्यंत ती बोट पाण्यात उतरवू नये; दुरुस्ती झाली की पुरावाही जातो.

तिकीट विक्रीच्या जागी बोटीचा क्रमांक, परवानाधारकाचे नाव, विमा कंपनी आणि पोलीस ठाण्याचा दूरध्वनी मराठीत लावलेला असावा. प्रवाशाच्या इजेची भरपाई देणारा विमा नसेल तर परवान्याचे नूतनीकरण करू नये. जखमीला आधी सरकारी रुग्णालयात नेऊन एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण) नोंद करवून घेण्याची जबाबदारी चालकावर टाकावी. ही नोंद नसली की इजा बोटीवरच झाली हे सिद्ध करताना पुढे दमछाक होते.

एका गोष्टीची आम्हाला विशेष चीड आहे. राईडआधी घाईघाईत ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असे छापलेल्या कागदावर सही घेतली जाते आणि अपघातानंतर तोच कागद पुढे करून लोकांना परत पाठवले जाते. अशा सहीने चालकाचा निष्काळजीपणा माफ होत नाही. मंडळाने परिपत्रक काढून हे स्पष्ट करावे आणि असा मजकूर वापरणाऱ्यांवर परवान्याच्या अटींनुसार कारवाई करावी.

बोटीवर पोट असलेल्या स्थानिकांच्या विरोधात आम्ही नाही. नियमाने चालणाऱ्यांना विम्याचा आधारच होईल. पावसाळ्यानंतरचा हंगाम सुरू होण्याआधी या मागण्यांवर लेखी उत्तर मिळावे आणि आमच्या प्रतिनिधींना भेटीची वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
जखमी पर्यटक, त्यांचे कुटुंबीय व किनाऱ्यावरील नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग