दुखणे खरे आहे, उपचारही खरा हवा



कंबर, पाठ, मान आणि गुडघा. आपल्या कोणत्याही शाखेच्या बैठकीत या चार शब्दांचा उच्चार झाला नाही असे होत नाही. पहार आणि घण चालवणारा ट्रॅकमन, खांद्यावर पिशवी घेऊन जिने चढणारा पोस्टमन, रात्रभर उभ्याने टपाल लावणारा आर.एम.एस.चा सॉर्टर, हादरे खात बसणारा लोको पायलट, सगळ्यांचे रडगाणे एकच. पगार, बढती, बदली यांवर आपण ठराव करतो. दुखण्यावर मात आपण एकमेकांना तेलाचे नाव सांगतो आणि उठतो.

असा कामगार दवाखान्यात गेला की त्याला दोन उत्तरे मिळतात. फोटोत काही दिसले तर पट्टा, गोळ्या आणि "वजन उचलू नका" हा सल्ला. हा सल्ला गँगमध्ये कसा पाळायचा ते कोणी सांगत नाही. आणि फोटोत काही दिसले नाही तर, "तुमचे मनाचे आहे." हे वाक्य दवाखान्यातून कार्यालयात पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो. तेथे त्याला "नाटक करतो" म्हणतात. मग सिक मेमोवर शंका, रजेवर शंका आणि चारचौघांत अपमान.

म्हणूनच दुखण्याच्या संदर्भात "मन" हा शब्द ऐकला की कामगार चिडतो, आणि ते रास्तच आहे. पण आमचे म्हणणे असे की या रागापायी एका चांगल्या उपचाराला आपण पाठ फिरवू नये. तो उपचार आपण हक्क म्हणून मागून घ्यावा.

आधी शास्त्र काय म्हणते ते पाहू. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची नवी यादी २०२२ पासून अमलात आली. तीत जुनाट वेदनेला स्वतंत्र स्थान आहे आणि काही प्रकारांत वेदना हाच आजार मानला आहे. म्हणजे फोटोत काही दिसत नाही म्हणून दुखणे खोटे, हे म्हणणे आता शास्त्राला धरून नाही. याची उलट बाजूही ध्यानात घ्या. ज्यांना काहीच दुखत नाही अशा ३,००० हून अधिक लोकांच्या मणक्यांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली निष्कर्ष काढण्यात आला. पन्नाशीतल्या अशा निरोगी माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या चकत्या झिजलेल्या होत्या. झीज असून दुखत नाही आणि झीज नसून दुखते, दोन्ही घडते. कारण वेदना शेवटी मेंदू ठरवतो. एकदा जखम झाली, ती भरली, तरी मेंदूने धोक्याची सूचना देण्याची सवय सोडली नाही तर दुखणे चालूच राहते. भीती, जागरण, चिंता आणि अपमान या सवयीला खतपाणी घालतात.

रेल्वेवाल्यांना हे समजायला अवघड नाही. ट्रॅक सर्किट बिघडले की पुढे गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो. तो लाल दिवा खरा असतो. सुरक्षेसाठी सिग्नल तसाच बनवलेला आहे. कोणी समजूतदार लोको पायलट "दिवा लाल नाहीच" असे म्हणत नाही आणि लाल आहे म्हणून गाडी कायमची उभीही करत नाही. ऑटोमॅटिक सेक्शनमध्ये तो दिवसा १ मिनिट, रात्री २ मिनिटे थांबतो आणि मग समोर नजर ठेवून सावध वेगाने पुढे जातो. मन आणि शरीर यांचा एकत्र विचार करणारा उपचार नेमके हेच शिकवतो.

युनियनच्या कामासाठी आम्ही तमिळनाडूत कुंभकोणमला गेलो होतो. कावेरीच्या खोऱ्यातले हे देवळांचे गाव. दर बारा वर्षांनी येथे महामहम भरतो. मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ साली येईल. ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस आणि रुळाखाली चिकण माती, त्यामुळे ट्रॅक मेंटेनरला उसंत नाही. तेथल्या एका कीमनशी आम्ही बोललो. बोलणे जुळवून दिले ते एका निवृत्त पोस्टमनने. ते तंजावरी मराठी घराण्यातले आणि घरात अजून जुन्या वळणाचे मराठी बोलणारे. कीमनची कंबर सहा वर्षे दुखत होती. वाकायची भीती इतकी की घरात नातवालाही उचलत नसे. एका साहेबाने त्याला सर्वांसमोर "ढोंगी" म्हटले होते. दुखण्यापेक्षा तो शब्द जास्त लागला, असे त्याने सांगितले. पुढे एका समुपदेशकाने आठवड्याला एक असे काही महिने त्याच्याशी बोलून, श्वासाचे व्यायाम देऊन, रोज थोडे थोडे वाकायला लावून त्याला बळ दिले. तो पूर्ण बरा झाला असे नाही. पण गोळ्या कमी झाल्या, झोप लागू लागली आणि नातू कडेवर आला.

एका माणसाच्या अनुभवावर मागणी उभी करता येत नाही, म्हणून आकडे देतो. अमेरिकेतील बोल्डर येथे पाठदुखीच्या १५१ रुग्णांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. चार आठवड्यांत आठ बैठकांच्या अशा उपचाराने ६६ टक्के लोकांची वेदना संपली किंवा नावापुरती उरली. खोटे इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के आणि नेहमीचा उपचार चालू ठेवलेल्यांत १० टक्के होते. ब्रिटनच्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेनेही २०२१ साली, ज्या जुनाट वेदनेचे दुसरे कारण सापडत नाही तीसाठी व्यायाम आणि मानसोपचार सुचवले, आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सुरू करू नका असे सांगितले. वर्षानुवर्षे या गोळ्या खाऊन पोट आणि मूत्रपिंड खराब झालेले सहकारी आपल्यातही आहेत.

तरीही हुरळून जाऊ नये. बोल्डरचे रुग्ण बहुतेक सुशिक्षित आणि सौम्य ते मध्यम दुखण्याचे होते. ते पहार चालवणारे नव्हते. पाय बधिर होत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, ताप किंवा वजनात घट असेल, पडून मार लागला असेल, तर आधी शरीराची तपासणी, तीही ताबडतोब. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे दहा माणसांचे काम सहा जणांकडून करून घ्यायचे आणि मग त्यांना "मन शांत ठेवा" म्हणायचे, हा उपचार नव्हे. रिक्त जागा भरणे हाही कंबरेचा इलाज आहे.

आणखी एक गोष्ट भाषेची. गोळी कोणत्याही भाषेत गिळता येते, पण दुखणे सांगायला आपलीच भाषा लागते. कुंभकोणमपासून ४० किलोमीटरवर तंजावर. तेथे सरफोजीराजांच्या काळात, म्हणजे १७९८ ते १८३२ या वर्षांत, धन्वंतरी महाल उभा राहिला. डोळ्यांच्या रुग्णांच्या त्या काळच्या नोंदी आणि चित्रे आजही सरस्वती महालाच्या संग्रहात आहेत. दोनशे वर्षांपूर्वी रुग्णाची हकिकत लिहून ठेवण्याइतकी आस्था होती, तर आज त्याची हकिकत ऐकायला अर्धा तास का मिळू नये? कल्याणच्या तमिळ कामगाराला तमिळमध्ये आणि तिरुचिरापल्लीच्या मराठी कामगाराला मराठीत बोलता आले पाहिजे. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत चालते. म्हणजे हे अशक्य नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. प्रत्येक विभागीय रेल्वे रुग्णालयात वेदनेसाठी वेगळी ओ.पी.डी. आणि तीत प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट असावा. ती "वेड्यांच्या डॉक्टरची खोली" म्हणून बाजूला टाकू नये. कुंभकोणमचा रेल्वे कामगार नव्वदेक किलोमीटरवरच्या पोन्मलईच्या रुग्णालयावर अवलंबून आहे, म्हणून लहान स्थानकांवर ठरलेल्या दिवशी फिरती सेवा द्यावी. १९४४ च्या वैद्यकीय नियमांखाली येणाऱ्या टपाल कर्मचाऱ्यांना या बैठकांचा खर्च मिळेल असे स्पष्ट परिपत्रक काढावे. उपचाराचा वेळ ड्युटीचा धरावा. आणि हा उपचार घेतला म्हणून कोणाची नुकसानभरपाई, हलके काम किंवा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २० व्या कलमाचे संरक्षण काढून घेता येणार नाही, असे लेखी द्यावे. ही शेवटची अट मान्य झाल्याशिवाय बाकीच्या मागण्यांना अर्थ नाही. ती नसेल तर "मनाचे आहे" हे वाक्य पुन्हा कामगाराविरुद्धच वापरले जाईल.

शाखांनी येत्या बैठकीत हा विषय घ्यावा. तोवर एक काम विनाखर्चाचे आहे. सहकारी "दुखते" म्हणाला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. विश्वास मिळाला की माणूस बोलतो, आणि तो बोलू लागल्यावरच हा उपचार सुरू होतो.