सगळा वातच!

आमच्या गावात गुडघा दुखला तरी वात, कंबर धरली तरी वात, बोट सुजलं तरी वातच. या एका शब्दानं आमच्या आबांची चार वर्षं खाल्ली.

ज्वारीच्या काढणीत एका रात्री आबा ओरडतच उठले. उजव्या पायाचा अंगठा लालभडक. वाकळ नुसती लागली तरी जीव जाई. शेजारचे तात्या म्हणाले, "काटा मोडला आसंल." गावच्या डॉक्टरांनी पू धरलाय म्हणून इंजेक्शनं टोचली. आठवड्यात उतरलं. गाऊटचा झटका आठ-दहा दिवसांत आपसूकही उतरतो. नाव मात्र इंजेक्शनाचं झालं.

पुढच्या खेपेला दुसऱ्यानं संधिवात ठरवला. तिसऱ्यानं रक्त तपासलं, युरिक ॲसिड ५.९ आलं, "गाऊट नाही" म्हणून हा मोकळा! ऐन झटक्यात हा आकडा पुष्कळांचा नॉर्मल येतो. दोनेक आठवड्यांनी पुन्हा बघायचा असतो. याच्या उलट, आकडा वाढला की गाऊट म्हणणारेही तितकेच चुकतात. आकडा वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही.

शेवटी गुडघा सुजला, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी एका डॉक्टरीणबाईंनी सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. युरेटचे सुईसारखे स्फटिक दिसले. ही तपासणी १९६१ पासून जगाला ठाऊक आहे! त्याच पाण्यात जंतू आहेत का, तेही बघतात. बघायलाच हवं, पू झालेला सांधा थोड्याच दिवसांत कायमचा निकामी होतो, आणि वरून दोन्ही दुखणी सारखीच दिसतात.

खेड्यात हे कसं जमायचं, म्हणाल. अहो, मलेरियाचं रक्त आणि क्षयाचा बेडका तपासायला आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक असतोच. तरी जमत नसेल, तर "मला नुसता संशय आहे, पुढं दाखवा" एवढं म्हणायला कुठलं यंत्र लागतं? आणि आपणही "पाणी तपासायचं का?" असं विचारायला लाजू नये.

आबा आता रोज गोळी घेतात, झटके थांबलेत. पण तो अंगठा वाकत नाही. औतामागं चालणं सुटलं ते सुटलंच.