धन्याच्या मोटारीशेजारची सायकल

१९५३ साली ब्रिटनमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘ट्रबल इन स्टोअर’ या चित्रपटाच्या आरंभीच एक दृश्य आहे. ऐटबाज मोटारीत एक धनिक गृहस्थ बसले आहेत आणि त्यांच्या शेजारी, जणू त्याच आसनावर, एक ठेंगू, भाबडा इसम मोठ्या समाधानाने विराजमान झालेला दिसतो. वाहनांची कोंडी सुटते, मोटार पुढे निघून जाते, आणि मग उलगडा होतो की हा इसम मोटारीत नव्हताच; तो शेजारी सायकलवर होता. मोटारीतले गृहस्थ म्हणजे एका भव्य बहुखाती दुकानाचे नवे प्रमुख फ्रीमन आणि सायकलस्वार त्याच दुकानाच्या कोठारात माल हलवणारा कामगार नॉर्मन. एका शब्दाचीही गरज न पडता त्या समाजातील दोन वर्गांचे अंतर आणि त्यांचे विलक्षण सान्निध्य येथे उभे राहते. खांद्याला खांदा लागेल इतके जवळ, आणि तरीही एक मोटारीत व दुसरा रस्त्यावर.

नॉर्मन विज्डम या नटाने साकारलेला हा कोठारकामगार नंतरच्या बारा-तेरा वर्षांत ब्रिटिश श्रमिक प्रेक्षकांचा लाडका झाला. अंगाला आखूड पडणारा कोट, वाकडी झालेली टोपी, गळ्याशी चुरगळलेली कॉलर, एका बाजूला सरकलेला टाय असा त्याचा अवतार. तो चालतो तेव्हा अडखळतो, जिन्यावरून गडगडत येतो, ज्या वस्तूला हात लावतो ती मोडते. समीक्षकांनी या चित्रपटांना फारशी प्रतिष्ठा दिली नाही. आचरट, बालिश, रडवेपणाने भरलेले असे शेरे मारून ते मोकळे झाले. परंतु ज्या वर्षी इंग्लंडमध्ये अन्नधान्याचे शेवटचे रेशनिंग संपुष्टात आले त्या १९५४ साली तिकिटाच्या खिडकीवर सर्वाधिक गर्दी खेचणाऱ्या चित्रपटांत ‘ट्रबल इन स्टोअर’ची गणना झाली. सामान्य माणूस ज्या गोष्टीला लोटालोटी करून जातो ती गोष्ट हिणकस आहे असे मानून तिच्याकडे पाठ फिरवण्याची सवय केवळ अभिजनांनाच असते असे नाही; ती पुरोगामी विचारवंतांनाही असते. म्हणूनच या धडपडीच्या विनोदाकडे जरा गंभीरपणे पाहणे अगत्याचे आहे.

या विनोदप्रकाराला इंग्रजीत ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. हे नाव मुळात एका काठीचे आहे. जुन्या इटालियन प्रहसनांतील सोंगाड्याच्या हाती दोन पातळ फळ्या एकत्र बांधलेली काठी असे. ती पाठीत हाणली की फळ्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होई, पण मार मात्र फारसा लागत नसे. या विनोदाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा अशी दोन्ही त्या काठीत सामावलेली आहेत.

ब्रिटनमध्ये हा विनोद म्युझिक हॉलच्या रंगमंचावर वाढला. फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत चार्ली चॅप्लिन व स्टॅन लॉरेल हे दोघेही तयार झाले. त्या मंडळीच्या ‘ममिंग बर्ड्स’ या गाजलेल्या प्रहसनात चॅप्लिन भूमिका करीत ती उंची पोशाखातल्या एका मद्यपी श्रीमंताची. नाट्यगृहातील खास आसनांवरून हा सद्गृहस्थ तोल जाऊन खाली पडे आणि स्वस्त तिकिटावर बसलेले प्रेक्षक पोट धरून हसत. पडणे हे गरिबाच्या नशिबी रोजचेच असते. श्रीमंत पडतो तेव्हा मात्र त्याच्याबरोबर त्याची उंच टोपी, त्याची काठी, त्याची प्रतिष्ठा असे पुष्कळ काही पडते. चॅप्लिन स्वतः लॅम्बेथच्या अनाथ-दरिद्री गृहात दिवस काढलेला मुलगा होता. हे पडणे कोणासाठी सुखाचे आहे हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही.

नॉर्मन विज्डम याच मातीतला. १९१५ साली लंडनमध्ये जन्मलेल्या या मुलाचा बाप मोटार हाकणारा नोकर होता आणि घरी मुलांना बेदम मारीत असे. आई सोडून गेल्यावर उपासमार आणि वणवण नशिबी आली. अखेर पोरवयातच त्याने सैन्याचा आश्रय घेतला आणि १९३० च्या सुमारास तो बँडमधील वादक म्हणून थेट लखनौच्या छावणीत दाखल झाला. वाद्ये वाजवणे, मुष्टियुद्ध, घोडेस्वारी हे सारे तो तेथे शिकला. साम्राज्याच्या फौजेने या भुकेल्या मुलाला पोटभर अन्न दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांच्यावर ती फौज बसवली होती त्यांच्या भुकेचा हिशेब वेगळा. आपल्याच देशातील गरिबाला परक्या देशातील गरिबाच्या छातीवर उभे करणे हे साम्राज्यशाहीचे जुनेच कसब आहे.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. या चित्रपटांत वर्गभेदाचे काय होते? वरवर पाहता धन्याची फजिती होते आणि नोकराची सरशी. जेरी डेस्मंड या उंच, रुबाबदार नटाने धन्याची भूमिका अनेकदा केली. त्याची टापटीप, त्याचे तोलून-मापून बोलणे, आणि समोर हा चुरगळलेला माणूस. परंतु लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. नॉर्मनला धन्याचा अपमान करायचा नसतो. तो बंडखोर नाही. त्याला मनापासून चाकरी करायची असते; किंबहुना दुकानाच्या दर्शनी काचेआड माल सुबक मांडून दाखवण्याचे काम आपल्याला मिळावे हीच त्याची महत्त्वाकांक्षा आहे. त्याला कामावरून काढले जाते, पुन्हा घेतले जाते, पुन्हा काढले जाते, आणि तरी त्याची निष्ठा ढळत नाही. जो विध्वंस होतो तो या निष्ठेतूनच होतो. धन्याने सांगितलेले काम तो इतक्या तळमळीने करतो की धन्याचे दुकान मोडकळीस येते.

हा विनोद ज्याने शोधला त्याला श्रमिकांच्या जगण्याची खरी ओळख होती असे म्हणावे लागेल. ‘नियमानुसार काम’ हे कामगारांचे एक प्रभावी शस्त्र आहे हे चळवळीतील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. वरून आलेला हुकूम अक्षरशः पाळला तर कारखाना ठप्प होतो. तो चालतो तो कामगाराने स्वतःची अक्कल फुकट वापरल्यामुळे. नॉर्मन ही अक्कल वापरीत नाही, किंवा नको तेथे वापरतो, आणि सारी व्यवस्था किती नाजूक धाग्यावर लोंबकळत होती ते उघडे पडते.

तथापि डाव्या टीकाकारांचा आक्षेपही कानाआड करण्याजोगा नाही. ते म्हणतात, शेवटी होते काय? ‘ट्रबल इन स्टोअर’मध्ये दरोडेखोर दुकान लुटायला येतात आणि नॉर्मन जिवावर उदार होऊन ती लूट हाणून पाडतो. म्हणजे ज्या मालमत्तेत त्याचा कवडीचाही वाटा नाही तिचाच तो रक्षणकर्ता ठरतो. ‘अप इन द वर्ल्ड’ (१९५६) मध्ये तो सरदारघराण्याच्या प्रासादाच्या असंख्य खिडक्या पुसतो आणि त्या घरातील व्रात्य बालसरदाराच्या खोड्यांचे प्रायश्चित्त स्वतः भोगतो; पण त्या प्रासादाला इतक्या खिडक्या का, आणि त्या पुसणाऱ्याच्या घराला किती, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शिवाय हे चित्रपट काढले कोणी? जे. आर्थर रँक यांच्या कंपनीने, जी त्या काळी ब्रिटनमधील चित्रपटनिर्मितीवर आणि चित्रपटगृहांच्या दोन मोठ्या साखळ्यांवर ताबा ठेवून होती. रँक हे पिठाच्या गिरण्यांच्या धंद्यात गबर झालेल्या घराण्यातले. धन्याला हसण्याचे तिकीटही धन्यानेच विकावे, यापरती भांडवलशाहीची लवचिकता ती कोणती!

या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे. ‘द अर्ली बर्ड’ (१९६५) हा चित्रपट त्या दृष्टीने बोलका आहे. येथे नॉर्मन पिटकिन हा ग्रिम्सडेल नावाच्या छोट्या गवळ्याकडे घोडागाडीतून दूध पोचवणारा एकुलता एक नोकर आहे. समोर उभी ठाकते कन्सॉलिडेटेड डेअरीज ही विजेच्या गाड्या बाळगणारी बलाढ्य कंपनी. पहाटेच्या अंधारात, चकार शब्द न बोलता, झोपेने जड झालेली घरातली माणसे उठतात, चहा करतात, जिन्यात धडपडतात. बराच वेळ चाललेले ते दृश्य विनोदी तर आहेच, पण पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कोणालाही त्यात आपले घर दिसेल. पुढे गोल्फच्या हिरवळीवर कंपनीच्या साहेबांचा खेळ उधळला जातो आणि अखेरीस अग्निशामक दलाच्या पाण्यात कंपनीचे कार्यालयच न्हाऊन निघते. प्रेक्षकाला अपार आनंद होतो. परंतु लढा कोणाचा? छोट्या धन्याचा मोठ्या धन्याशी. नोकर छोट्या धन्याच्या बाजूने प्राणपणाने लढतो आणि संकटात ‘मिस्टर ग्रिम्सडेल!’ अशी जी आर्त हाक मारतो ती लेकराने बापाला मारावी तशी. एडवर्ड चॅपमन यांनी उभा केलेला हा ग्रिम्सडेल खेकसतो आणि मायाही करतो. पगाराचा विषय निघत नाही.

भाबडी मालकनिष्ठा म्हणून हे सोडून देता येईल. परंतु मोठ्या कंपन्यांच्या वरवंट्याखाली आलेल्या माणसाला आठवण येते ती बहुधा नावाने हाक मारता येणाऱ्या धन्याची. ही आठवण फसवी असेल, पण तिच्यातली भूक खरी आहे. समाजवादी चळवळीने या भुकेची टर उडवली तेव्हा तेव्हा ती भूक दुसऱ्या कोणाच्या तरी पंगतीला जाऊन बसली.

याच्या उलट टोकाला बोल्टिंग बंधूंचा ‘आय ॲम ऑल राइट जॅक’ (१९५९) उभा आहे. हा निव्वळ धडपडीचा विनोद नव्हे, धारदार उपहास आहे. त्यात उच्चकुलीन स्टॅन्ले कारखान्यात मजूर म्हणून येतो आणि घड्याळ घेऊन कामाचे मोजमाप करणाऱ्या माणसाला निरागसपणे सांगून टाकतो की हे काम याहून पुष्कळ लवकर होऊ शकते. झाले, संप पेटतो. पीटर सेलर्स यांनी रंगवलेला कामगार-प्रतिनिधी फ्रेड काइट रशियाची स्वप्ने पाहतो, पुस्तकी भाषा बोलतो आणि नियमांच्या कलमांत गुरफटतो. मालक शस्त्रांच्या कंत्राटात अफरातफर करीत असतात आणि संप त्यांच्या पथ्यावरच पडतो. मालकांवर फटके ओढले आहेत हे खरे, पण लोकांच्या स्मरणात राहिला तो काइट. संघटित कामगार म्हणजे आळशी, आडमुठा, हास्यास्पद असे जे चित्र पुढे ब्रिटिश वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे गिरवले त्याला या चित्रपटाने रंग पुरवला, असा रोष अनेकांनी धरला व तो अनाठायी नव्हता. मात्र त्याच चित्रपटात काइटची बायको घरकामावर बहिष्कार टाकून स्वतःचा संप पुकारते. संपाचे तत्त्वज्ञान तोंडपाठ असलेला पुढारी स्वतःच्या स्वयंपाकघरात हतबल होतो. हा फटका कोणाला बोचत असेल तर त्याने बोल्टिंग बंधूंवर रागावण्यापूर्वी आपल्या घरातील चुलीकडे एकवार पाहावे.

आणि मग अल्बानिया. १९४४ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत एन्व्हर होजा यांनी त्या चिमुकल्या देशावर पोलादी हाताने राज्य केले. आधी युगोस्लाव्हियाशी, मग रशियाशी, शेवटी चीनशी फाटले. १९६७ मध्ये धर्मावर बंदी आली. पाश्चात्य कलाकृतींना दारे बंद झाली. या बंद दारांतून ज्यांना प्रवेश होता अशा मोजक्या परदेशी चित्रपटांत नॉर्मन विज्डमचे चित्रपट होते. श्रमिक विरुद्ध भांडवलदार या संघर्षाची ती रूपककथा आहे असा तेथील सत्ताधाऱ्यांचा निर्वाळा होता. अल्बानियात विज्डमला लोक पिटकिन याच नावाने ओळखू लागले.

लंडनच्या समीक्षकांनी ज्याला बालिश ठरवले त्यात तिरानाच्या सत्ताधाऱ्यांना वर्गलढा दिसला, ही गंमत खरी. आणि वर पाहिल्याप्रमाणे ते सर्वस्वी चुकलेही नव्हते. परंतु धन्याला हसण्याची ही मुभा फक्त दुसऱ्याच्या धन्यापुरती होती. लंडनमधील फ्रीमनची फजिती पाहून हसा. येथल्या पक्षसचिवाकडे पाहून हसलात तर तुरुंग आहे. रँक यांच्या चित्रपटगृहात हसून बाहेर पडलेला ब्रिटिश कामगार दुसऱ्या दिवशी युनियनच्या सभेत आपल्या खऱ्या फोरमनची नक्कल करू शकत होता आणि मतपेटीतून सरकार बदलू शकत होता. १९६४ साली त्याने ते बदललेही. अल्बानियातील कामगाराला ही दोन्ही दारे बंद होती. समाजवाद आणि लोकशाही यांची फारकत झाली की काय उरते, याचे उत्तर शोधण्यासाठी जाडजूड ग्रंथ उघडण्याची गरज नाही. कोणाला कोणावर हसण्याची परवानगी आहे एवढे पाहावे.

‘द स्क्वेअर पेग’ (१९५८) मध्ये पिटकिन हा रस्ते खोदणारा नगरपालिकेचा कामगार आहे आणि हुबेहूब त्याच्यासारखाच दिसणारा एक जर्मन सेनापतीही आहे. दोन्ही भूमिका विज्डमच्याच. खड्डे खणणारा सेनापतीचा गणवेश चढवतो आणि सारे सैन्य त्याला सलाम ठोकू लागते. गणवेश काढला की उरतो तो तोच ठेंगू माणूस. हे दृश्य सत्तेच्या कोणत्याही पूजकाला धोक्याचे वाटायला हवे होते, मग ती सत्ता कोणत्याही रंगाचा झेंडा मिरवो. होजांच्या कारभाऱ्यांना तसे वाटले नाही, कारण गणवेश जर्मन होता.

१९९५ मध्ये विज्डम अल्बानियाला गेला तेव्हा जुनी राजवट कोसळलेली होती. लोकांनी त्याला गराडा घातला. मार्च २००१ मध्ये इंग्लंडचा फुटबॉल संघ तिरानामध्ये सामन्यासाठी आला असता, डेव्हिड बेकहॅमसारखा जगद्विख्यात खेळाडू समोर असूनही, सरावाच्या मैदानावर गर्दीचे डोळे शहाऐंशी वर्षांच्या या वृद्ध विदूषकाकडे वळले. ज्या राजवटीने त्याला आत घेतले होते तिच्याविषयी लोकांच्या मनात प्रेम उरले नव्हते. पिटकिनविषयी उरले होते.

त्याच्या आदल्याच वर्षी, २००० साली, राणी एलिझाबेथ यांनी विज्डमला ‘सर’ हा किताब दिला. मोटार हाकणाऱ्या नोकराच्या मुलाने, लखनौच्या छावणीत वाद्य वाजवणाऱ्या पोरक्या शिपायाने, राजवाड्यात जाऊन गुडघा टेकला आणि सरदारकी घेतली. ती त्याने नाकारायला हवी होती असे म्हणणारे भेटतील, आणि त्यांचे म्हणणे तत्त्वतः रास्तच आहे. किताब स्वीकारून तो परत फिरला, चार पावले चालला, आणि राणीच्या देखत नेहमीसारखा अडखळला.